विनोद कळत नाही, असे कोणाला म्हणावे?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मराठी विनोदी वाङ्मयाविषयी सध्या जी चर्चा चालू आहे, ती मी आस्थेने वाचत आहे. बहुतेक पत्रलेखकांचा सूर असा दिसतो की पूर्वीचा विनोद निखळ होता, पूर्वीचा वाचक मोकळ्या मनाचा होता, आणि आजचा वाचक मात्र कशानेही दुखावला जातो, कारण त्याला विनोद कळेनासा झाला आहे. एका पत्रात तर असेही म्हटले आहे की राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील तळीरामाचे प्रवेश पाहून ज्याला हसू येत नाही, त्याने नाटकाच्या वाटेला जाऊच नये. हे लिहिणाऱ्यांच्या मराठी रंगभूमीवरील प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तळीरामाला हसू न शकलेल्या प्रेक्षकांपैकी मी एक आहे, आणि तरीही ते नाटक माझ्या अत्यंत आवडीचे आहे. कथाकादंबऱ्यांत किंवा नाटकांत आपल्याला कशाचे हसू यावे, हे आपल्या रसिकतेपेक्षा आपण ज्या घरात वाढलो, जे सोसले आणि जे सोसावे लागले नाही, त्यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते, असे माझे मत आहे आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

'एकच प्याला' प्रथम रंगभूमीवर आले ते फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोदे येथे, गंधर्व नाटक मंडळीच्या वतीने, आणि बालगंधर्वांची सिंधू तेव्हापासून मराठी मनात घर करून राहिली. गडकरी मात्र त्याआधीच, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी सावनेर येथे निवर्तले होते. त्यामुळे आपल्या कोणत्या वाक्याला प्रेक्षागृहात हशा उसळतो आणि कोणत्या वाक्याला सगळे स्तब्ध होतात, हे पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. न्यायालयातील अपमानाने खचलेला बुद्धिमान आणि मानी वकील सुधाकर, दुःख विसरण्यासाठी त्याच्यापुढे पहिला प्याला करणारा तळीराम, आणि त्या प्याल्यापायी दळण दळण्याची पाळी आलेली, तान्हे मूल आणि अखेर स्वतःचा जीवही गमावणारी त्याची पत्नी सिंधू, हे कथानक आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. या शोककथेच्या मधोमध गडकऱ्यांनी तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ बसवले आहे. तेथे दारुडे एकत्र जमतात, एखाद्या प्रतिष्ठित संस्थेच्या थाटात कामकाज चालवतात आणि दारूच्या समर्थनार्थ एकाहून एक बिनतोड वाटणारे युक्तिवाद करतात. समोरच्याचा कोणताही मुद्दा उलटा फिरवून तो मद्याच्या बाजूने उभा करण्याची तळीरामाची हातोटी अशी आहे की शंभराहून अधिक वर्षांनंतरही ते प्रवेश शिळे झालेले नाहीत.

मी ते नाटक पहिल्यांदा पाहिले ते महाविद्यालयात असताना, मैत्रिणींबरोबर. माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत कामाला होते आणि ते पीत असत. पगाराच्या दिवशी घरात येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकून आजची रात्र कशी जाणार हे ओळखण्याची विद्या आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्याही आधी आली होती. तळीराम रंगमंचावर एकेक युक्तिवाद करू लागला आणि प्रेक्षागृह हास्याने दणाणून गेले, तेव्हा मला त्यांतला एकही युक्तिवाद नवा नव्हता. शब्द वेगळे असतील, गडकऱ्यांची झळाळी त्यांना नसेल, पण थकव्यासाठी घेतली, मित्राचा मान राखण्यासाठी घेतली, आज घेतली ती उद्यापासून सोडायची म्हणून घेतली, ही तर्काची वळणे आमच्या स्वयंपाकघरात रोजची होती. इतरांच्या कानांवर ती कल्पनेची गंमत म्हणून पडत होती. माझ्या कानांवर ती पुढच्या तासाभरात काय होणार याची सूचना म्हणून पडत होती. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण डोळे पुसत हसत होती आणि ती अतिशय कोमल मनाची मुलगी होती. पाचव्या अंकात तिलाच रडू आवरेना. तिच्या घरी दारू ही केवळ गोष्टीत ऐकलेली वस्तू होती, एवढाच आम्हा दोघींतला फरक होता.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावर जो प्रबंध लिहिला, त्यात त्यांनी असे म्हटले आहे की हसू येण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते. घसरून पडणाऱ्या माणसाला आपण हसतो ते त्याच्या गुडघ्याला काय झाले असेल याचा विचार त्या क्षणी आपल्या मनाला शिवत नाही म्हणून. हे मला पूर्णपणे पटते. मात्र त्यापुढचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, तो हा की कोणाचे हृदय कोणत्या विषयापुरते बधिर होऊ शकते हे आधी कोण ठरवते? ते लेखक ठरवू शकत नाही, कारण त्याला आपला वाचक ठाऊक नसतो. वाचकालाही ते ठरवता येत नाही, कारण हसू ही काही विचार करून घडणारी गोष्ट नाही. ते आयुष्याने आधीच ठरवून टाकलेले असते. ज्या जागी जखम आहे तेथे बधिरता येत नाही, आणि नाटककार कितीही प्रतिभावान असला तरी त्या जागेवर त्याचा इलाज चालत नाही.

इथे कोणी असा निष्कर्ष काढील की ज्याने जे भोगले त्याला त्याचे हसू येत नाही, असा सरळ नियम आहे. तसे असते तर हे पत्र लिहिण्याइतका विषय गुंतागुंतीचा राहिला नसता. पुढे शिक्षिकेच्या नोकरीनिमित्त मी मराठवाड्यातील एका गावी बरीच वर्षे राहिले. त्या गावात बायकांनी एकजुटीने मतदान करून दारूचे दुकान बंद पाडले होते. उभी बाटली (दुकान चालू राहावे) की आडवी बाटली (दुकान बंद व्हावे), या मतदानाची हकिगत वाचकांना माहीत असेलच. त्यानंतरच्या गणेशोत्सवात गावातल्या हौशी मंडळींनी 'एकच प्याला'तले निवडक प्रवेश बसवले आणि त्यांत आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश अर्थातच होता. पुढच्या रांगांत त्याच बायका बसलेल्या होत्या. माझ्या मनात धाकधूक होती. परंतु तळीरामाने तोंड उघडले आणि त्या बायका अशा काही हसू लागल्या की नटाला मध्ये मध्ये थांबावे लागले. त्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, 'हे तर अगदी आमच्याच घरातलं' असे मोठ्याने म्हणत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. मी मात्र त्या रात्रीही हसू शकले नाही.

त्या बायकांचे आणि माझे दुःख एकाच जातीचे होते, आणि तरीही परिणाम नेमका उलटा झाला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण असे दिसते की त्यांनी लढाई जिंकली होती. दुकान बंद झालेले होते, आणि ज्या युक्तिवादांपुढे त्या वर्षानुवर्षे निरुत्तर होत होत्या, त्यांची जाहीर फजिती होताना त्या पाहत होत्या. दुसरे कारण असे की त्या एकट्या नव्हत्या. घराच्या चार भिंतींत ऐकलेले वाक्य शंभर जणींनी एकाच वेळी ओळखले, तेव्हा त्या वाक्याचा दरारा संपला. मला माझ्या मैत्रिणींमध्ये बसून ते ओळखावे लागले होते, जिथे ओळखणारी मी एकटीच होते आणि ती ओळख लपवणे भाग होते. म्हणून परिस्थिती या शब्दात केवळ काय भोगले एवढेच मोडत नाही. ते संपले आहे की चालू आहे, ते बोलता येते की झाकावे लागते, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे सारे तिच्यात येते.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी हसणाऱ्या व्यक्तीकडे लक्ष दिले होते, ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विवेचन करताना स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांच्या वाट्याला दिले आहेत. हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्यात अधिक दिसतो, असेही तेथे म्हटले आहे. यातील अपहसिताचे जे वर्णन आहे ते मला विलक्षण वाटते: अस्थानी, म्हणजे हसण्याची जागा नसताना, डोळ्यांत पाणी आणून, खांदे आणि डोके हलवीत केलेले हसणे. गावातल्या त्या बायकांचे हसणे हुबेहूब असे होते. परंतु ते अस्थानी होते, हे मी मान्य करणार नाही. हसण्याची योग्य जागा कोणती, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी स्वतःच्या बैठकीवरून ती ठरवली. माणसाची प्रकृती उत्तम की अधम, हे पाहण्याऐवजी त्याची परिस्थिती पाहिली असती तर ही सहा प्रकारांची सूक्ष्म वर्गवारी आज आपल्याला कितीतरी अधिक उपयोगी पडली असती.

परिस्थिती बदलते तेव्हा तोच वाचक त्याच मजकुरावर वेगळ्या ठिकाणी हसू लागतो, हे तर प्रत्येकाने अनुभवले असेल. साहित्य अकादमीचा १९६५ चा पुरस्कार मिळालेल्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकातील अंतू बर्वा विसाव्या वर्षी वाचताना आम्ही मैत्रिणी त्याची वाक्ये एकमेकींना म्हणून दाखवीत असू. रत्नागिरीचा हा म्हातारा, जिभेला धार असलेला, कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारा. वीज आली काय नि न आली काय, आपले दारिद्र्य अंधारात झाकलेलेच बरे, अशा अर्थाचे तो बोलतो तेव्हा आम्हाला त्याच्या हजरजबाबीपणाचे हसू येई, कारण दारिद्र्य आणि अंधार यांची अशी सांगड घालणे आम्हाला फार चतुर वाटे. आज मी वैधव्याची बरीच वर्षे पाहिली आहेत, मुलगा परदेशात आहे, आणि घरात कोणी पाहुणा यायचा म्हटले की कोणत्या खोलीचा दिवा लावायचा आणि कोणत्या खोलीचा नाही हे मी मनात ठरवते. ते वाक्य आता मला हसवत नाही. मात्र त्याच लेखातले इतर म्हाताऱ्यांशी चाललेले खोचक संभाषण, जे तेव्हा मी भराभर वाचून टाकीत असे, ते आता मला पोट धरून हसवते, कारण संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या बाकावर आम्ही सारे समवयस्क नेमके तसेच बोलतो, आणि बाकावरच्या एखाद्या रिकाम्या जागेविषयी बोलण्याचा त्याहून सोसण्याजोगा दुसरा मार्ग आम्हाला सापडलेला नाही. लेखात एक अक्षरही बदललेले नाही. पुलंची प्रतिभा अशी की त्यांनी दोन्ही वयांसाठी जागा ठेवली आहे, पण एका वयाच्या वाचकाला दुसऱ्या वयाची जागा दिसत नाही.

माझ्या वर्गात बसणारी पुष्कळ मुले ऊसतोड कामगारांची होती. दसरा-दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघत, आणि मुले एक तर त्यांच्याबरोबर जात किंवा आजीआजोबांकडे मागे राहत. अशा वर्गापुढे 'बटाट्याची चाळ'मधला उपासावरचा लेख वाचून दाखवावा की नाही, याचा मला संकोच वाटत होता. वजन कमी करण्यासाठी अन्न सोडू पाहणाऱ्या माणसाची फजिती, ही ज्या घरात अन्न पुरवून पुरवून खावे लागते तेथल्या मुलांपुढे कशी ठेवावी? तरीही मी तो वाचला, आणि मुले हसली. मात्र शहरात ज्या वाक्यांना हशा मिळतो तेथे ती हसली नाहीत. गोड कोणते सोडले आणि तळलेले कोणते सोडले, यात त्यांना काही विनोद दिसला नाही. उलट काही जणांनी त्या पदार्थांची चौकशी केली. ती हसली ते चाळीतले शेजारी एकामागून एक येऊन, न विचारता, काय खावे आणि काय खाऊ नये याचा परस्परविरोधी सल्ला देऊ लागतात तेव्हा. एका मुलाने कारणही सांगितले: बाई, आमच्या घरी पण कोणी ना कोणी येऊन सांगतंच, असं करा म्हणजे तुमचं भागेल. गरिबाला सल्ला देणारा आणि लठ्ठाला सल्ला देणारा हे एकच पात्र आहे, ही गोष्ट मला त्या वर्गाने दाखवली, आणि विनोदावरच्या कोणत्याही टीकालेखात ती मला आजवर आढळलेली नाही.

याच संदर्भात पुलंच्याच 'म्हैस' या कथेविषयी थोडे सांगते. रत्नागिरीहून मुंबईला निघालेल्या एस.टी.ला म्हैस आडवी येते आणि मग प्रवासी, गावकरी, पोलीस आणि पंचनामा यांची जी तारांबळ उडते, तिची ही कथा. माझे घरमालक दूधदुभत्यावर घर चालवणारे शेतकरी होते. त्यांच्या ओसरीवर आम्ही सर्वांनी मिळून त्या कथेची कॅसेट ऐकली. म्हशीला गाडी लागली म्हणताच त्यांनी पहिला प्रश्न केला, म्हैस किती दुधाची होती? शहरातून आलेले माझे नातेवाईक या प्रश्नाला हसले, आणि घरमालक मात्र अगदी गंभीर होते, कारण दुभती म्हैस जाणे म्हणजे घराच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाणे होय. परंतु पंचनामा सुरू झाला तेव्हा हे चित्र पालटले. सरकारी कागदावर प्रत्यक्ष घडलेली गोष्ट कशी हळूहळू ओळखू येईनाशी होते, याचा अनुभव माझ्या नातेवाइकांना फारसा नव्हता आणि घरमालकांना तो पुरेपूर होता. ते इतके हसले की कॅसेट मागे घेऊन तेवढा भाग पुन्हा लावावा लागला. एकाच कथेच्या वेळी एका श्रोत्याला एका जागी हसू आले आणि दुसऱ्याला वेगळ्याच जागी.

आता निखळ विनोदाच्या दाव्याकडे वळते. गडकऱ्यांनीच बाळकराम या टोपणनावाने लिहिलेल्या विनोदी लेखांत तिंबूनानांच्या ठकीच्या लग्नाची मोहीम आहे. वरसंशोधनाच्या त्या कसरतींत कल्पनाविलासाची अक्षरशः आतषबाजी आहे, आणि लग्नाच्या बाजारावरची त्यांतली टीकाही बोचरी आहे. पण त्यातील हास्याचा एक मोठा आधार ठकीचे रूप आणि ती खपत नाही ही वस्तुस्थिती हा आहे. ज्या मुलीला वर्षानुवर्षे पोह्यांची ताटली घेऊन परक्या माणसांपुढे येऊन बसावे लागले आणि मग निरोप येईपर्यंत घरातल्या सर्वांची तोंडे पाहावी लागली, तिने या लेखांना मनमोकळे हसावे अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. ते लेख घराघरांत मोठ्याने वाचले जात असताना माजघरातून किती उपवर मुलींनी ते ऐकले असतील आणि त्यांना काय वाटले असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही. पूर्वी कोणी दुखावत नव्हते, असे आपण म्हणतो तेव्हा ज्यांचे म्हणणे छापले जात नव्हते त्यांना आपण हिशेबात धरत नाही. आणि ज्यांचे छापले जात होते तेही काही सदैव प्रसन्न नव्हते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मधून जुन्या रूढी आणि पोकळ आचार यांची टर उडवली, तेव्हा त्या रूढी जिवापाड जपणाऱ्यांना ती गोड लागली नव्हती.

याचा अर्थ असे लेखन कपाटात बंद करावे, असा मुळीच नाही. त्या मार्गाला माझा ठाम विरोध आहे. आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश कापून 'एकच प्याला'चा प्रयोग केला तर ते नाटक लंगडे होईल, हे मी त्या प्रवेशांना कधीही न हसलेली प्रेक्षक म्हणून सांगते. सुरुवातीच्या अंकांत जो प्रेक्षक तळीरामाच्या बुद्धीवर भाळून हसला, त्याला शेवटच्या अंकात मुलाच्या मृत्यूसमोर उभे राहावे लागते. आपण ज्याला दाद दिली त्याच बोलण्याचा हा शेवट आहे, हे त्याला कोणी न सांगता उमगते. गडकऱ्यांनी ती योजना फार विचारपूर्वक केली असावी असे मला वाटते. माझ्यासारखीला तो शेवट पहिल्या अंकापासूनच दिसत असतो, त्यामुळे हसण्यातून भानावर येण्याचा तो अनुभव मला मिळत नाही, आणि ते माझे नुकसानच आहे. उलट, तळीरामाच्या प्रत्येक वाक्यामागे उभी असलेली सिंधू मला सतत दिसते, ती माझ्या मैत्रिणीला दिसत नव्हती. दोघींनी आपापला अर्धा भाग एकमेकींना सांगितला, तेव्हा कुठे ते नाटक आम्हा दोघींना पुरते कळले. हे बोलणे होण्यासाठी तिने मला 'तुला विनोद कळत नाही' असे म्हटले नाही, आणि मी तिला निष्ठुर ठरवले नाही, एवढे पुरेसे होते.

आपल्या वर्तमानपत्रात आणि इतरत्रही विनोदी पुस्तकांची जी परीक्षणे येतात त्यांत 'वाचक हसून हसून बेजार होतो' अशा धर्तीचे वाक्य हटकून असते. हा वाचक कोण? तो कोणत्या गावचा, कोणत्या वयाचा, स्त्री की पुरुष, त्याच्या घरात काय चालले आहे, याचा पत्ता परीक्षणात नसतो, आणि परीक्षक स्वतःलाच सर्व वाचकांच्या जागी बसवतो. शाळेतही हेच घडते. विनोदी पाठाखाली 'या पाठातील विनोद स्पष्ट करा' असा प्रश्न असतो, आणि मार्गदर्शकातले ठरावीक उत्तर पाठ करून मुले ज्या वाक्याला कधी हसली नाहीत ते वाक्य कसे हास्यास्पद आहे ते लिहून गुण मिळवतात. मी नोकरीत असताना वर्गातील चाचणीपुरता तो प्रश्न बदलून घेत असे: तुला कोठे हसू आले आणि का, आणि कोठेच आले नसेल तर का नाही. कोठेच आले नाही असे सकारण लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देत असे. काही सहकाऱ्यांना ते पसंत नव्हते. मुलांना पळवाट मिळते असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात त्या प्रश्नाला मुले इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा लांब आणि स्वतःच्या भाषेत उत्तरे लिहीत. पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या मंडळींनी या धर्तीचा एखादा प्रश्न स्वाध्यायात घालण्याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

आपणाकडेही एक मागणे आहे. आजचा वाचक हसत का नाही, यावर आणखी पत्रे छापण्यापेक्षा आपण आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांना एक साधा प्रश्न विचारावा: पूर्वी ज्या कथेला, प्रसंगाला किंवा पात्राला आपण हसत होतो आणि आता हसू येत नाही, किंवा पूर्वी हसू येत नव्हते आणि आता येते, असे एखादे उदाहरण कळवा आणि मध्यंतरी आयुष्यात काय बदलले ते लिहा. नाव छापावे अशी ज्यांची इच्छा नसेल त्यांचे नाव छापू नये, परंतु प्रत्येक उत्तराखाली वय, गाव आणि व्यवसाय अवश्य छापावा. शेतमजूर, परिचारिका, एस.टी.चे वाहक, घरकाम करणाऱ्या भगिनी यांच्यापर्यंत हा प्रश्न पोहोचावा म्हणून तालुक्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांची मदत घेता येईल. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे उत्तरे गोळा करून आपणाकडे पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका